लहान अंगणात गुलाबाचा अंमल बसविण्याविषयी

ज्या गृहस्थाच्या घरापुढे दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद एवढीच मोकळी जागा असून, तीत तुळशीवृंदावन, पाण्याच्या टाकीचे झाकण, कपड्यांची दोरी, एक स्कूटर आणि कढीपत्त्याचे झाड यांची वहिवाट पूर्वापार चालत आलेली आहे, आणि तरीही सायीच्या रंगाचा, सुगंधी, झुडुपाच्या बांध्याचा गुलाब आपल्या दारी फुलावा अशी अभिलाषा ज्याच्या अंतःकरणात उत्पन्न झालेली आहे, त्याच्या उपयोगासाठी हे टिपण लिहिले आहे. बागाइतीवरील ग्रंथांत माती, खत, पाणी आणि कीड यांची चर्चा विपुल असते. परंतु गुलाब ज्या माणसांच्या मध्ये राहून वाढवावयाचा असतो त्यांच्याविषयी ग्रंथकार मौन पाळतात, आणि आमच्या मते या उद्योगातील बारा आणे भाग माणसांचाच आहे.

वाणाची निवड प्रथम करावी. आमची शिफारस ‘प्रॉस्पेरिटी’ या वाणाची आहे. इंग्लंडातील एसेक्स परगण्यात जोसेफ पेम्बर्टन नावाचे एक धर्मोपदेशक राहत असत. उपदेशातून उरलेल्या वेळात ते गुलाबांचे संकर करीत की गुलाबांतून उरलेल्या वेळात उपदेश करीत, हा प्रश्न आपण त्यांच्या चरित्रकारांवर सोपवू. झुबक्यांनी फुलणारा ‘मारी-जान’ आणि पिवळा ‘पेर्ल दे जार्दँ’ यांच्या संकरातून त्यांनी १९१९ साली हे झुडूप जगापुढे ठेवले. कळीवर गुलाबी छटा, उमललेले फूल हस्तिदंती, गाभ्यात किंचित पिवळी झाक, आणि सुगंध असा की त्यासाठी नाक फुलात खुपसावे लागत नाही, तो आपण होऊन दोनचार पावले सामोरा येतो. वर्षातून एकदाच फुलून उरलेले महिने रजेवर जाण्याची खोड या झुडुपाला नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

हे नाव कागदावर लिहून घेऊन सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिका पाहत जावे. मालक कागद वाचील, आकाशाकडे पाहील, आणि ‘आइसबर्ग’ हातात ठेवील. येथे संतापू नये. जर्मनीतील कोर्डेस यांनी १९५८ साली काढलेला हा गुलाब सायीचा नव्हे, चक्क चुन्यासारखा पांढरा आहे आणि त्याचा सुगंध जेमतेम आहे, हे खरे. परंतु त्याची जननी ‘रॉबिन हूड’ ही पेम्बर्टन यांच्याच बागेतली, त्यांच्या निधनानंतर १९२७ साली बाहेर पडलेली. म्हणजे आपण भाऊ मागितला आणि दुकानदाराने भाचा पुढे केला. भाच्याचे कुशल विचारून, त्याला नम्रपणे परत ठेवून, पुढील रोपवाटिकेत तोच कागद दाखवावा. घेताना रोपाचा जोड पाहावा: खुंटावर डोळा भरलेली जागा घट्ट आणि निरोगी असली पाहिजे, कारण जोडाच्या खालून जे जोमदार फुटवे पुढे येतात ते खुंटाचे असतात, आणि ते वेळीच मुळापासून ओरबाडून काढले नाहीत तर मूळ मालक बेदखल होऊन कुळाच्या नावे सातबारा होतो.

आता जागेची मोजणी. गुलाबाला रोज निदान सहा तास ऊन लागते, आणि लहान अंगणात सहा तास ऊन एकाच ठिकाणी पडते, जेथे कपड्यांची दोरी आहे. ही दोरी हलविण्याचा एकतर्फी हुकूम काढणाऱ्या अनेक कर्तबगार पुरुषांचे गुलाबाचे बेत चहा निवण्यापूर्वी बरखास्त झालेले आम्ही ऐकून आहोत. येथे तहनामाच करावा, आणि त्यात तीन कलमे असावीत: दोरी दोन फूट सरकेल, चैत्र-वैशाखात पापड-कुरडयांच्या खाटेचा हक्क गुलाबाच्या हक्काहून वरचढ राहील, कारण त्या दिवसांत दख्खनच्या उन्हाने गुलाब तसाही मरगळलेला असतो, आणि मातोश्रींच्या तुळशीवर झुडुपाची सावली कोणत्याही ऋतूत पडणार नाही. हे झुडूप पाच फुटांपर्यंत सहज जाते, आणि रुंदीतही कंजुषी करीत नाही, ही माहिती तहावर सह्या होईपर्यंत उघड करण्याची आवश्यकता नाही.

खड्डा मे महिन्यात खणावा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. खणत असताना रस्त्याने जाणारा प्रत्येक इसम थांबून “नळ फुटला का?” असे विचारील, त्यास “होय” असे उत्तर द्यावे, कारण गुलाबाचे नाव काढताच तो सल्ला देण्यासाठी फाटकाच्या आत येतो. पंधरा दिवस खड्ड्याला ऊन खाऊ द्यावे. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि गुलाबाच्या मुळांना ओले पाय सोसत नाहीत. म्हणून तीत मुरूम आणि वाळू मिसळावी, पूर्ण कुजलेले शेणखत घालावे, मूठभर निंबोळी पेंड टाकावी, आणि वाफा वीतभर उंच ठेवावा. पावसाचा जोर ओसरल्यावर रोप लावावे. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर माती चुनखडीची आहे आणि मुळांना लोह मिळत नाही असे समजावे; शेजारी त्यास दृष्ट लागली असे म्हणतील, आणि दोन्ही निदानांवर एकदम उपाय करण्यास हरकत नाही.

सल्ल्यांसाठी एक वही घालावी, कारण नोंद झाली म्हणजे सल्लागाराचे समाधान होते आणि अंमलबजावणीची चौकशी तो क्वचितच करतो. चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, कांद्याच्या साली, ताक, तांदळाचे धुवण या सर्व वस्तू गुलाबाच्या मुळाशी टाकाव्यात असे सांगणारे लोक प्रत्येक गल्लीत असतात. यांपैकी चोथ्याची बाब गंभीर आहे. आपल्या घरात चहा दूध-साखर घालून उकळतात. तो चोथा न धुता टाकला की मुंग्या येतात, मुंग्यांना मावा प्रिय, आणि मग कोवळ्या शेंड्यांवर माव्याची वसाहत मुंग्यांच्या संरक्षणाखाली सुखाने नांदू लागते. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवावा. पानांवर काळे ठिपके दिसले तर ती पाने वेचून जाळावीत आणि सायंकाळी पानांवर पाणी मारण्याची हौस सोडावी. फुलकिड्यांना फिकट रंगाच्या पाकळ्या विशेष आवडतात. कडा करपल्यासारख्या दिसू लागल्या की दोष त्यांचा. भुरी, लाल कोळी, वाळवी यांचीही हजेरी लागते, पण ही सर्व मंडळी निदान बोलत नाहीत.

ऑक्टोबरात छाटणी. या दिवशी घरातील लहान मुलांना मामाकडे धाडावे, आणि शेजारच्या निवृत्त अव्वल कारकुनांना फाटकावरच थोपवावे. कारण त्यांनी सरकारी बंगल्यावरील मोठ्या फुलांचे गुलाब गुडघ्याइतके छाटलेले पाहिले असतात आणि तोच शिरस्ता आपल्यालाही लागू करावा असा त्यांचा आग्रह असतो. झुडुपी गुलाब इतका छाटू नये. वाळलेल्या व एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढाव्यात, उरलेल्यांचा सुमारे एक तृतीयांश कमी करावा, काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा घ्यावा आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावावी. साधारण सहा ते आठ आठवड्यांत बहर येतो.

बहर आला की रंगाचा तंटा उद्भवतो. घरातील एक पक्ष फूल पांढरे म्हणेल, दुसरा पिवळट म्हणेल, आणि कारकूनसाहेब त्यास धुवट म्हणतील. सकाळी कळी, दुपारी फूल आणि तिसऱ्या दिवशी पाकळी यांचे रंग निरनिराळे असल्याने तिघेही खरे बोलत असतात; निकाल राखून ठेवावा.

खरा प्रसंग याच्या पुढेच आहे. सुगंध पहाटे सर्वांत भरात असतो, आणि त्याच वेळी हातात कापडी पिशवी आणि काठीला तारेची आकडी बांधलेले काही अत्यंत सभ्य लोक प्रकृतिस्वास्थ्यासाठी फिरावयास निघालेले असतात. ते एक फूल तोडत नाहीत. झुबकाच्या झुबका, कळ्यांसकट, उतरवून घेतात. यास चोरी म्हणता येत नाही, कारण फुले देवासाठी असतात, आणि देवाविरुद्ध फिर्याद दाखल करून घेणारी कचेरी आपल्या मुलखात नाही. “फुले तोडू नयेत” अशी पाटी लावल्यास ते ती मोठ्याने वाचतात, अक्षराची तारीफ करतात, आणि तोडतात. साडेचारला उठून अंगणात उभे राहावे तर समोरासमोर गाठ पडते, आणि समोर आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला “घ्या ना, आणखी घ्या” याखेरीज दुसरे काही म्हणण्याचे शिक्षण आपल्यापैकी कोणाला मिळालेले नाही.

इतिहासात यावर एक तोडगा नमूद आहे. फ्रान्सातील मेदोक प्रांतात रस्त्याकाठच्या द्राक्षवेलींवर, वाटसरूंनी घोस तोडू नयेत म्हणून, मळेवाले मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडीत असत. १८८२ साली बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानात आले की केवडा रोगाने इतर वेली झोडपल्या असता नेमक्या याच वेली हिरव्यागार आहेत. आपण फांद्यांना फासतो ते बोर्डो औषध असे चोरांच्या बंदोबस्तातून जन्मास आले. आमच्या गल्लीत त्याचा मूळ हेतू मात्र साधला नाही, कारण निळे ठिपके पडलेले फूल नळाखाली धुऊन देवाला वाहता येते असा निर्णय तेथील धर्मज्ञांनी दिला.

तेव्हा एकच मार्ग राहतो. हे झुडूप फांदीपासून सहज जगते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, चार डोळ्यांची फांदी घ्यावी, खालची पाने काढावी, वाळूमिश्रित मातीच्या कुंडीत लावून सावलीत ठेवावी. सुमारे दोन महिन्यांत मुळे धरतात. मग ती कुंडी पहाटेच्या पिशवीवाल्या गृहस्थांना नजराणा म्हणून त्यांच्या घरी नेऊन द्यावी, रोप फाटकाजवळ, रस्त्याच्या बाजूला लावावे असे आवर्जून सांगावे, आणि चोथा न धुता घातला तरी चालतो असेही सांगण्याचा मोह आवरावा, कारण त्यांच्या झुडुपाच्या निकोप वाढीत आता आपला स्वार्थ गुंतलेला आहे. पुढील वर्षी त्यांच्याकडे बहर आला म्हणजे आपणही पहाटे फिरावयास निघण्याची सवय लावून घ्यावी. डॉक्टर कित्येक दिवसांपासून तेच सांगत आहेत, आणि देव तर आपल्याही घरी आहेत.