खेळेल त्याचा खेळ

भाच्याचा बारावा वाढदिवस होता आणि त्याला गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम हवा होता. दुकानदाराने माझ्याकडून साडेतीन हजार रुपये घेतले आणि बिलासारखा एक कागदाचा कपटा हातात ठेवला. मी म्हटलं, "हे बिल झालं. गेम कुठाय?" तो म्हणाला, "काका, हाच गेम. हा कोड टाकायचा, की उतरतो." पिशवी हवी का, असं मात्र त्याने विचारलं नाही. तेवढी लाज त्याला होती.

आता कपटा भेट म्हणून द्यायचा कसा? चकचकीत कागदात बांधावं तर आत काही नाही. शेवटी घरातलं आहेराचं पाकीट काढलं, वर रुपया चिकटवलेलं, आणि त्यात तो कोड घातला. ताई म्हणाली, "मुंजीला आलायस का रे?" भाच्याने पाकीट फाडलं, रुपया खिशात टाकला, कोडची अक्षरं टीव्हीवर एकेक करून भरली आणि कपटा केराच्या टोपलीत. मी आपला जुन्या सवयीने बोलून गेलो, "तुझा खेळून झाला की मला दे चार दिवस."

"मामा, तो देता येत नाही."

"का? तुझाच आहे ना?"

तो जरा थांबला. "माझाच आहे. पण देता येत नाही."

सातबारा वाचता येणाऱ्याला हा घोळ लगेच कळेल. मालकाच्या रकान्यात कंपनी, आणि साडेतीन हजार भरून आपलं नाव लागतं ते 'इतर हक्कां'त. बटणावर मात्र 'खरेदी करा' असंच लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियाने यावर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अशा मालाला 'खरेदी' म्हणायचं असेल, तर तुम्हाला फक्त वापराचा परवाना मिळतोय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. म्हणजे माल तोच, फक्त शब्दाला लगाम.

आमच्या वेळी गेम म्हणजे कॅसेट. बिस्किटाच्या पुड्याएवढी, पिवळी, आणि ती लागली नाही की काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. फुंकरीने नेमकं काय होत असे देव जाणे, पण दुसऱ्या खेपेला लागायची. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटीत मोजून आठ-दहा गेम फिरून फिरून यायचे. फसवणुकीचा तो माझा पहिला धडा. आमच्या वाड्यात माझ्याकडे 'कॉन्ट्रा' होता आणि समोरच्याकडे 'रोड फायटर'. एकाच कॅसेटीवर सहा घरं खेळायची. भांडण झालं की पहिलं वाक्य, "माझी कॅसेट दे." समेट झाला की दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट खिडकीतून परत. त्या कॅसेटी झाडून बनावट होत्या, हे मला पुढे वीस वर्षांनी कळलं. तेव्हा मालकीहक्काबद्दल मी फार ताठ मानेने बोलावं अशी परिस्थिती नाही, हे इथेच कबूल करतो.

पण उसनं देण्याचं महत्त्व मोठमोठ्या कंपन्यांनाही ठाऊक होतं. २०१३ साली मायक्रोसॉफ्टच्या नव्या एक्सबॉक्सवर जुने गेम देण्याघेण्याला निर्बंध येणार, अशी बोंब उठली. तेव्हा सोनीने अर्ध्या मिनिटाचीसुद्धा नसेल अशी एक फिल्म काढली: प्लेस्टेशनचा गेम मित्राला उसना कसा द्यावा. तीत सोनीचे शूहेइ योशिदा गेमची डबी उचलतात आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात देतात. तो आभार मानतो. फिल्म संपली. सगळं जग हसलं, मायक्रोसॉफ्टने दहा दिवसांच्या आत माघार घेतली. त्याच सोनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो आणला तो डिस्क घालायच्या फटीशिवाय. ड्राइव्ह हवा तर वेगळे पैसे मोजा. थाळी महाग केली आणि पोळी एक्स्ट्रा!

निन्टेन्डोचा मासला आणखी निराळा. मुलांनी गिळू नये म्हणून त्यांच्या स्विचच्या चिमुकल्या कार्डांना कडूजहर लेप असतो. २०२५ च्या स्विच २ बरोबर त्यांनी कार्डाचा एक नवा प्रकार काढला, ज्यात गेमच नाही, नुसती किल्ली. गेम इंटरनेटवरून उतरवायचा आणि खेळताना किल्ली लावून ठेवायची. ही किल्ली निदान दुसऱ्याला देता येते, एवढं बरं. कडूपणा बाहेरून होता तो आत गेला, इतकंच.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट 'द क्रू'ची. तोही गाड्यांचाच गेम, युबिसॉफ्टचा, २०१४ सालचा. अख्खी अमेरिका आटवून नकाशात बसवलेली आणि तीत गाडी हाणायची. एकट्याने खेळलात तरी कंपनीच्या सर्व्हरशी तार जुळलेली लागे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम संपला. डिस्क विकत घेतलेल्यांच्या हातातही चहाचा कप ठेवायची चकती उरली. मला तारखेची गंमत वाटते. मुंबई कूळकायद्यातला कृषक दिन म्हणजे १ एप्रिल १९५७, कसेल त्याची जमीन झाली तो दिवस. इथे बरोबर आदल्या तारखेला कुळांना बाहेर काढलं! त्यातून रॉस स्कॉट नावाच्या एका गृहस्थाने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली आणि युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. खेळेल त्याचा खेळ, एवढंच त्यांचं मागणं. तेही पूर्ण मालकीचं नाही. दुकान बंद करताना गेम चालू राहील अशी काही सोय करून जा, म्हणतात.

उलट बाजूही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली जगभर पोचला तो इंटरनेटच्या दुकानातून. खोकी छापून, जहाजात भरून पाठवायची म्हटली असती तर तो बहुधा पुण्याबाहेर पडला नसता. शिवाय चकतीवर ओरखडा पडत नाही, माळा भरत नाही, आणि आईला 'हा पसारा कुणाचा' असं ओरडायला जागाच राहत नाही. भाच्याच्या घरी तर सगळे गेम टीव्हीखालच्या एका डब्यात आहेत आणि त्याच्या मित्रांच्या घरी त्यांचे त्यांचे. ते एकमेकांशी खेळतात, रोज बोलतात. फक्त कुणी कुणाच्या दारात 'परत दे' म्हणून जात नाही.

माझी 'कॉन्ट्रा'ची कॅसेट अजून माळ्यावर आहे. ती लावायचं यंत्र कधीच मेलं. तरी कुणाला हवी असेल तर खुशाल न्या. आणि आमच्या वाड्यातल्या ज्या मित्राने सहावीच्या दिवाळीत माझा 'मारिओ' दोन दिवसांसाठी नेला होता, त्याच्या वाचनात हे आलंच तर, बाबा रे, तो अजून परत यायचा आहे.