अडत कुणाकडनं?

भाचीला दोन विद्यापीठांनी बोलावलंय. दोन्ही एकाच गावात, बर्मिंगहॅममध्ये. विषयही एकच : आंतरराष्ट्रीय व्यवसाय, एक वर्षाची एमएस्सी. पहिलं युनिव्हर्सिटी ऑफ बर्मिंगहॅम, दुसरं अ‍ॅस्टन. दोन्हींच्या मध्ये पाचेक किलोमीटर, म्हणजे सांगलीहून मिरजेला निघालेला माणूस अर्ध्या वाटेत उतरेल एवढं. पण ताईच्या घरात तीन आठवडे असं वातावरण आहे, की एक विद्यापीठ पृथ्वीवर असावं आणि दुसरं मंगळावर, आणि तो मंगळही पोरीच्या पत्रिकेत.

नातेवाइकांचा कौल बर्मिंगहॅमला, कारण ते नकाशात सापडतं. अ‍ॅस्टन म्हटल्यावर धाकट्या काकूंनी विचारलं, ‘ती महागडी गाडी काढतात तेच का हे?’ नाही. गाडीचं नाव बकिंगहॅमशरमधल्या अ‍ॅस्टन टेकडीवरून पडलं, विद्यापीठाचं बर्मिंगहॅममधल्या अ‍ॅस्टन भागावरून. हे मी समजावून सांगेपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर ‘बर्मिंगहॅम सिटी युनिव्हर्सिटी’चा फोटो आणि खाली अभिनंदनाचे सतरा अंगठे पडले होते. ते तर तिसरंच विद्यापीठ. इंग्लंडात १९९२च्या कायद्याने पॉलिटेक्निकांना विद्यापीठ म्हणवून घेण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून एकेका शहरात एका आडनावाची दोन-दोन घराणी नांदताहेत : शेफील्ड आणि शेफील्ड हॅलम, नॉटिंगहॅम आणि नॉटिंगहॅम ट्रेंट. पाटील म्हटलं की ‘कुठले?’ विचारायची सवय आपल्याला असते. इथे मात्र कुणी विचारत नाही.

विश्रामबागेतल्या एका कन्सल्टन्सीत आम्ही सगळे गेलो. भिंतीवर लाल बस, टेबलावर पितळी घंटा. कुणाचा व्हिसा आला की ती वाजवायची आणि टाळ्या. आम्ही बसलो असताना दोनदा वाजली. दाजींना वाटलं आरती आहे, ते उठून उभे राहिले.

‘आमची सर्व्हिस पूर्ण फ्री आहे सर,’ मॅडम म्हणाल्या.

दाजी चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची अडत करतात. फुकट हा शब्द कानावर आला की ते पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढतात.

‘मग तुमचं पोट कशावर चालतंय?’

‘युनिव्हर्सिटी देते ना आम्हाला. पहिल्या वर्षाच्या फीमधला थोडा पर्सेंटेज.’

‘किती?’

मॅडमनी चहा मागवला.

बाहेर आल्यावर दाजी गाडीला टेकून उभे राहिले. अडत शेतकऱ्याकडनं घ्यायची की खरेदीदाराकडनं, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं रणं माजली. अखेर २०१६ साली सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून काढली आणि खरेदीदाराच्या माथी मारली. तेव्हापासून दाजी कुठल्याही व्यवहारात पहिला प्रश्न हाच विचारतात. लग्नातसुद्धा.

‘हितं अडत विद्यापीठ देतंय. म्हंजे खरेदीदार विद्यापीठ. मी शेतकरी. बरोबर?’

‘बरोबर.’

‘मग माल कोण?’

भाची रस्त्यापलीकडे उसाचा रस पीत उभी होती. आम्ही दोघांनी एकदम तिकडे बघितलं.

‘आणि मालाचे पैसेबी आमीच द्यायचे? असला सौदा उभ्या जन्मात बघितला नाही बघ मी.’

हे दाजींचं अज्ञान आहे असं मला आधी वाटलं. मग वाचत गेलो तसं दिसलं, की ब्रिटनचं सरकार यार्डातल्याच भाषेत बोलतं. २०१९च्या त्यांच्या धोरणात २०३०पर्यंत वर्षाला ३५ अब्ज पौंडांच्या ‘शैक्षणिक निर्यातीचं’ आणि ६ लाख परदेशी विद्यार्थ्यांचं उद्दिष्ट होतं. विद्यार्थ्यांचा आकडा त्यांनी मुदतीच्या कितीतरी आधी गाठला. पोरगी विमानातून तिकडे उतरते आणि त्यांच्या वहीत निर्यात म्हणून चढते. घरच्या पदवी विद्यार्थ्याची फी इंग्लंडात सरकार ठरवतं. २०१७पासून ती वर्षाला ९,२५० पौंडांवर अडकून होती, २०२५ला ९,५३५ झाली. खर्च वाढत गेला, ही फी जागची हलेना. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला मात्र मर्यादा नाही. तोटा कुठून भरून निघतो हे वेगळं सांगायला नको. आता तर २०२८पासून दर परदेशी विद्यार्थ्यामागे विद्यापीठांकडून ९२५ पौंड वसूल करायचं तिथल्या सरकारने जाहीर केलंय. पहिले काहीशे विद्यार्थी सोडून.

‘सेस,’ दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. परक्या देशात ओळखीचं माणूस भेटावं तसा.

पुण्याचा चुलतभाऊ जागतिक क्रमवारी घेऊन आला. बर्मिंगहॅम वर, अ‍ॅस्टन बरंच खाली, विषय संपला. मी म्हटलं, हा क्रमांक काढतात कसा ते तरी बघू. क्यूएसच्या यादीत १०० पैकी ३० गुण प्राध्यापक मंडळी एकमेकांबद्दल काय म्हणतात त्याचे, १५ नोकरी देणारे काय म्हणतात त्याचे, २० संशोधनाच्या उद्धरणांचे. वर्गात शिकवतात कसं, याला गुण नाहीत. शिक्षकामागे विद्यार्थी किती, त्याला १०. आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला ५. म्हणजे क्रमांक बघून भाची जाणार, आणि ती गेली की क्रमांक वर सरकणार. गल्लीतल्या मंडळाची गर्दी अशीच वाढते.

‘पण बर्मिंगहॅम रसेल ग्रुपमध्ये आहे,’ चुलतभाऊ. आहे खरं. अ‍ॅस्टन नाही. या गटात २४ विद्यापीठं आहेत आणि त्याला रसेल हे नाव मिळालं ते लंडनच्या हॉटेल रसेलवरून, कारण १९९४च्या सुमारास कुलगुरूंच्या बैठका तिथे व्हायच्या. उद्या आपल्या कुलगुरूंनी वैशालीत इडली खाता खाता गट काढला, तर ‘वैशाली ग्रुप’चं प्रमाणपत्र लंडनमध्ये कुणी फ्रेम करून लावेल का, एवढंच विचारायचं होतं. बिझनेस स्कूलला लागणारे तिन्ही मुकुट, म्हणजे अमेरिकेचा, ब्रुसेल्सचा आणि लंडनचा शिक्का, दोघांकडेही आहेत. हे मॅडमनी सांगितलं नव्हतं. चुलतभावानेही नाही.

नावाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. ती आहे, पण परत आल्यावर जास्त. बर्मिंगहॅमची १९०० सालची सनद, १९०२पासून वाणिज्याचं शिक्षण, जोसेफ चेंबरलेनच्या नावाचा शंभरेक मीटर उंच घड्याळाचा मनोरा. हे सगळं बायोडेटात शोभून दिसतं. त्या मनोऱ्याचे टोल पडत असताना खालून गेलं की नापास होतो, असं तिथली पोरं मानतात म्हणे. हे ऐकून आजीला ते विद्यापीठ एकदम विश्वासार्ह वाटू लागलं. लगेच दुसरा प्रश्न : ‘ब्रिस्टल, यॉर्क, अबर्डीनवाले मुंबईत वर्ग काढतायत असं पेपरात होतं. मग ही पोरगी का जातीय?’ आजीला उत्तर द्यायचं सगळ्यांनी टाळलं.

दरम्यान कर्जाच्या चौकशीत बँकेने सात-बारा बाजूला सारला. शेतजमीन तारण चालणार नाही, बिगरशेती प्लॉट दाखवा. व्हिसासाठी लंडनबाहेर राहायचा महिन्याला १,१७१ पौंड असा ९ महिन्यांचा खर्च सलग २८ दिवस खात्यात हवा, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६. पैसे वापरायचे नाहीत, नुसते ठेवायचे, हे ताईच्या गळी उतरेना. दाजींना लगेच कळलं. ‘पेव,’ ते म्हणाले. हरिपूरला हळद पेवात पुरून भावाची वाट बघत बसायचे, तसे पौंड पुरायचे.

या सगळ्यात भाचीला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी विचारलं, तर तिने फोन पुढे केला. ब्रिटनचं सरकार परदेशी माणसाला नोकरीवर ठेवायचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी जाहीरपणे ठेवतं. त्यातल्या बर्मिंगहॅमच्या आसपासच्या कंपन्या तिने वेगळ्या काढल्या होत्या.

‘मामा, मी सप्टेंबर २०२६ला गेले तर शिकून झाल्यावर नोकरी शोधायला दोन वर्षं नाहीत, अठरा महिने मिळणार. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना तेवढेच. त्यात यांच्यापैकी कुणीतरी नव्या उमेदवाराला निदान ३३,४०० पौंड पगार देऊन स्पॉन्सर करायला हवं. आणि कंपन्या दोघांनाही याच. गाव एकच आहे ना.’

मग कॉलेज कुठलं, याला काय महत्त्व? माझं मत कुणी मागितलं नाही, तरी लिहून ठेवतो : अ‍ॅस्टन. फीमधला फरक काही लाखांचा आहे आणि व्याजाच्या तक्त्यात रसेल ग्रुपचा रकाना नसतो. शिवाय अ‍ॅस्टन गावाच्या मध्यात, न्यू स्ट्रीट स्टेशनपासून चालत, मुलाखतीला जायला रेल्वेचं तिकीट लागत नाही. चुलतभाऊ माझ्याशी तेव्हापासून बोलत नाही.

रविवारी संध्याकाळी सोप्यात बसलो होतो. दाजींनी सांगितलं, ‘ह्येंच्या स्कॉलरशिपचा आकडा त्येंना कळव, त्येंचा ह्येंना.’

‘दोन्हीकडे परवाच मेल केलाय, पप्पा.’

दाजींनी तिच्याकडे नीट बघितलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हात पुढे केला. त्यांच्या वडिलांच्या काळात सौदे असे व्हायचे, कापडाखाली बोटं धरून, बघणाऱ्याला भाव कळू नये म्हणून. भाचीने टॉवेलाखाली हात घातला. तिने किती बोटं दाबली ते मला दिसलं नाही.

‘कमी हाय,’ दाजी म्हणाले. ‘अजून एक बोट चढव.’