टाकाऊ कुठे मिळेल?

शाळेच्या डायरीत ‘उद्या टाकाऊपासून टिकाऊ वस्तू करून आणणे’ अशी ओळ आली की घरात आधी पाकिटाची शोधाशोध होते, कात्रीची नंतर. कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला शटर अर्धं ओढून या गिऱ्हाइकाचीच वाट बघत असतो. तो आपल्या तोंडाकडे बघतो, घड्याळाकडे बघतो आणि विचारतो, “टाकाऊपासून टिकाऊ ना? कितवीत आहे?” तिसरी म्हटलं की आइस्क्रीमच्या काड्यांचा पुडा निघतो. पाचवीला त्यात कागदी पेले आणि लोकर वाढते. सातवीला ग्लू गन. काड्या इतक्या कोऱ्या करकरीत की एकीलाही जन्मात आइस्क्रीम लागलेलं नाही. काही तर लाल-हिरव्या रंगवूनच येतात, म्हणजे चुकून टाकाऊ दिसायची भीती नको. वर चमकीची डबी आणि चिकटवायचे गरगरणारे डोळे. “अजून काही?” असं म्हणून तो बिल पुढे करतो, तेव्हा लक्षात येतं की टाकाऊ ही चीज आता गोरगरिबांच्या आवाक्यात राहिलेली नाही.

एवढं करूनही मुख्य गोष्ट राहतेच, ती म्हणजे रिकामी बाटली. ती नेमकी परवाच भंगारवाल्याकडे गेलेली असते. मग दोन लिटरचं शीतपेय आणायचं आणि रात्री दहाला सगळ्यांनी मिळून ते संपवायचं. आजोबांना मधुमेह आहे, पण नातवाच्या पर्यावरणासाठी तेही अर्धा पेला घेतात. बाटली कापली जाते, बाटलीला काड्या चिकटतात, काड्यांना चमकी, चमकीला डोळे, आईच्या बोटाला ग्लू गनचा चटका, आणि मध्यरात्रीच्या सुमारास पेनस्टँड जन्माला येतो. दरवर्षी पेनस्टँडच. कुरिअरवाल्यासमोर सही करायला ज्या घरात पेन सापडत नाही, त्या घरात पेनस्टँड मात्र कपाटावर ओळीने उभे.

आता जरा त्या बाटलीच्या बाजूनेही विचार करा. भंगारवाल्याकडे ती किलोवर जात होती. पेट नावाचं ते प्लास्टिक वितळवून त्याचा धागा काढतात, त्या धाग्याचे टी-शर्ट होतात. म्हणजे मुलीचं बऱ्यापैकी चांगलं चाललं असतं. पण एकदा तिच्या अंगावर गरम डिंक, लोकर आणि चमकी चढली की भंगारवाला तिला हात लावत नाही. चमकी म्हणजे तरी काय, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचाच बारीक चुरा. तो कशातूनही वेगळा काढता येत नाही, घरातल्या फरशीवरूनही नाही. थोडक्यात, जी वस्तू आपण होऊन पुन्हा वापरात जायला निघाली होती तिला वाटेत अडवून, नटवून-सजवून आपण कायमची कचऱ्यात पाठवली. वहीत मात्र ‘उत्तम’ असा शेरा आणि शेजारी हसरा चेहरा.

गंमत म्हणजे हे सगळं ज्या महाराष्ट्रात चालतं, तिथेच पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता वर्षानुवर्षे खरोखरच्या कचऱ्यातून खेळणी करत होते. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेला हा इंजिनिअर सत्तरच्या दशकात ट्रकच्या कारखान्यातून होशंगाबादच्या खेड्यांतल्या विज्ञानशिक्षणाकडे वळला. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढंच त्यांचं भांडवल. नळीचे बारके तुकडे कापायचे, दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या, की सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन करून दाबला तर तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. पुलांना आणि पत्र्याच्या शेडना त्रिकोणी कैच्या का असतात, हे पोराला न सांगता कळतं. खर्च नावाला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण तोच त्रिकोण आमच्याकडच्या शालेय प्रदर्शनात ठेवून बघा. परीक्षक बाई तो उचलणार, उलटसुलट करणार आणि आईकडे बघून म्हणणार, “छान आहे, पण डेकोरेशन काहीच नाही का केलं?”

त्याच २०१८ सालच्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. तेव्हापासून आमच्या वर्गाला कापडी पिशव्यांचं जे वेड लागलं ते अजून उतरलेलं नाही. लग्नात पिशवी, मुंजीत पिशवी, बँकेच्या वर्धापनदिनाला पिशवी, व्याख्यानाला पिशवी (व्याख्यान पर्यावरणावर असेल तर दोन). यातल्या निम्म्या पिशव्या हाताला कापडासारख्या लागतात, पण असतात पॉलिप्रॉपिलीनच्या. न विणलेलं, नुसतं दाबून चिकटवलेलं प्लास्टिकच ते. त्यावर हिरव्या शाईत ‘प्लास्टिक टाळा’ असं छापलेलं असतं. आपलं आपल्यालाच टाळा म्हणणारी वस्तू मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

उरलेल्या खऱ्या सुती. त्यांची कथा जास्त करुण आहे. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने सगळ्या पिशव्यांचा हिशेब मांडला. कापूस पिकवायला लागणारं पाणी, खत, कारखान्याची वीज, सगळं धरून पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायची तर साधी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरावी लागते म्हणे. रोज न चुकता मंडईत गेलं तरी साडेएकोणीस वर्षं झाली. फक्त हवामानापुरतं बोलायचं तर ५२ खेपांत सुटका होते, पण आमच्या स्वयंपाकघरातल्या दारामागे लटकलेल्या पिशव्यांची संख्या पाहता एकेकीच्या वाट्याला एवढ्या खेपा येण्याआधी तिच्यावरचा नवरा-नवरीचा फोटो पुसून जाईल, कदाचित जोडप्याचंही मतपरिवर्तन होईल. अर्थात डेन्मार्कने उघड्यावर फेकलेल्या पिशव्या हिशेबात धरलेल्या नाहीत. त्यांना २६ जुलै माहीत नाही. २००५ च्या त्या पावसात मुंबईची गटारं कशाकशाने तुंबली होती हे ज्याने कमरेएवढ्या पाण्यातून चालत पाहिलं, त्याचा हिशेब वेगळा असणारच.

पण या दोन्ही हिशेबांतून अलगद सुटणारी एक पिशवी आहे. जुन्या अभ्र्याची, विरलेल्या परकराची किंवा बाबांच्या पँटच्या पायाची. तिचा कापूस कधीच पिकून, विणून, नेसून झालेला असतो. तिच्या नावावर नवं काही उधार नाही. उलट्या बाजूने दोन शिवणी मारल्या आणि नाडीचे बंद लावले की झालं. ही पिशवी भेट म्हणून मात्र देता येत नाही. एकदा देऊन बघा. घेणारा आधी पिशवीकडे बघतो, मग आपल्याकडे, मग हळूच विचारतो, “सगळं ठीक आहे ना घरी?”

मुळात आपल्याला अडचण टाकण्याची नाहीच, दिसण्याची आहे. वस्तू पर्यावरणस्नेही असून भागत नाही, ती तशी आहे हे दिवाणखान्यात आलेल्या माणसाला सोफ्यावर बसल्या बसल्या कळलं पाहिजे. ओला कचरा कुंडीत जिरवणाऱ्या घरात सांगण्यासारखं काही घडतच नाही. त्यापेक्षा बायोएन्झाइम बरं. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-मोसंब्याच्या साली, दहा भाग पाणी, बाटलीत भरून तीन महिने मुरवायचं, फरशी पुसायला उत्तम. कृती अगदी खरी आणि स्वस्त. फक्त पहिले काही आठवडे रोज झाकण सैल करून आतला वायू सोडावा लागतो, आणि नेमकी हीच ओळ व्हॉट्सॲपवर ‘अधिक वाचा’च्या खाली जाते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींची बाटली भर दुपारी फुटली. छताला चिकटलेल्या साली काढायला जे रसायन लागलं, त्याचं नाव त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने गणपतीत ‘पर्यावरणपूरक गृहकला स्पर्धा’ घेतली. पहिलं बक्षीस पुठ्ठ्याच्या केदारनाथाला गेलं. पुठ्ठा नवा आणला होता, कारण घरातल्या खोक्यांवर ऑनलाइन कंपन्यांची नावं होती आणि देवळावर ती बरी दिसली नसती. तळमजल्यावरच्या आजींनी एक करडी, ओबडधोबड टोपली आणून टेबलाच्या कडेला ठेवली. बुरुडाकडची साधी बांबूची टोपली, कागदाच्या लगद्याने लिंपलेली. रद्दी दोन-तीन दिवस भिजत घालायची, पिळून खलबत्त्यात कुटायची, भिजवलेली मेथी वाटून त्यात कालवायची. मेथीने लगद्याला चिकटा येतो आणि कडवटपणामुळे कीड फिरकत नाही. मग तळव्याने दाबत दाबत टोपलीला आतून-बाहेरून थर द्यायचा, बांबूच्या फटीत अंगठ्याने भरायचा आणि कडक उन्हात वाळवायचं. वाळली की टिचकी मारल्यावर टणटण वाजते. खर्च मूठभर मेथीचा.

परीक्षकांनी टोपली वाकून पाहिली. “आजी, तुमची थीम काय?”

“थीम नाही हो,” आजी म्हणाल्या, “पोहे ठेवायचे.”

शेरा पडला, ‘कलात्मकतेचा अभाव’.

तेव्हा यंदासाठी मी सेक्रेटरींना काही नियम सुचवले आहेत. प्रवेशिका फक्त जुन्या वस्तूंच्या, किमान मागच्या गणपतीत केलेल्या. वस्तू रोजच्या वापरात असली पाहिजे. परीक्षक कोणत्याही दिवशी, न कळवता, सकाळी नळाला पाणी असण्याच्या वेळेत येतील. पेनस्टँड आणणाऱ्याने त्यात एक चालू पेन दाखवावं. कापडी पिशवी आणणाऱ्याने तळाशी बटाट्याची माती दाखवावी. फोटो चालणार नाहीत. चमकी आढळल्यास प्रवेशिका तिथल्या तिथे बाद, आणि जिना झाडण्याची पाळी पुढचा महिनाभर त्या घराकडे.

सेक्रेटरींनी कागद दोनदा वाचला. “असं केलं तर एकही प्रवेशिका यायची नाही,” ते म्हणाले.

“आजींची येईल की.”

“छे! त्यांना कालच विचारलं मी. टोपली देत नाहीत म्हणाल्या. तिच्यात पोहे आहेत.”