पस्तीस पॉइंटांचे तात्या

हाती कोणतीही वस्तू आली की ती काय आहे याची चौकशी करण्याआधी ती किती जाड आहे याचा छडा लावणारा एखादा गृहस्थ प्रत्येकाच्या परिचयात असतोच. फरक इतकाच, की इतरांचे गृहस्थ अंदाजाने बोलतात आणि आमचे तात्या व्हर्निअर लावून बोलतात. पिंपरीकडच्या एका कारखान्यात टूलरूमचे तपासनीस म्हणून हयात घालवून ते सेवानिवृत्त झाले आणि त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या चिरंजिवांनी, तिथल्या भाड्याच्या घरात मावेना म्हणून, आपला ट्रेडिंग कार्डांचा संग्रह तीर्थरूपांच्या स्वाधीन केला. बेसबॉल हा खेळ तात्यांनी जन्मात पाहिलेला नाही. अमुक कार्डावरचा खेळाडू कोण, असे विचारले तर ते क्षणभर विचारात पडतात आणि म्हणतात, "हा ना? हा एकशेतीस पॉइंट."

पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा, कारखान्यात ज्याला थाऊ म्हणतात तोच. साधे कार्ड वीसेक पॉइंट भरते; ते आधी मऊ पारदर्शक स्लीव्हमध्ये घालून मग पस्तीस पॉइंटांच्या ताठ टॉपलोडरमध्ये सरकवायचे, आणि अंगाने स्थूल असेल तर पंचावन्न, पंचाहत्तर, शंभर, एकशेतीस, एकशेऐंशी अशी त्याला बढती द्यायची. होल्डर तंग झाला तर कार्डाची कड खरवडते, सैल झाला तर कार्ड आत हिंदकळून कोपरे पांढरे पडतात, आणि व्हर्निअरचे जबडे उघड्या कार्डावर आवळले तर वळ उठतो, सबब मोजणी स्लीव्हसकटच करावी, हे सर्व ज्ञान मला आमच्या घरच्या सत्यनारायणाला, हातातले तीर्थ मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत असताना, उभ्या उभ्या प्राप्त झालेले आहे.

या मोजणीतून सुटका कुणाचीच नाही. माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका, जिच्या सोनेरी गणपतीपायी माझ्या बंधूंचे दिवाळे निघण्याची वेळ आली होती, ती तात्यांनी हातात घेतली, मुहूर्त वाचला नाही, वधूवरांची नावे वाचली नाहीत, चिमटीत धरून "पंचावन्नमध्ये बसेल, पण कोपरे गेलेत" असा निवाडा दिला आणि परत केली. होळीला आमच्याकडे जेवायला बसले असता त्यांनी पुरणपोळीची कड अलगद उचलून, "वहिनी, मागल्या वर्षी एकशेतीसमध्ये गेली असती, यंदा एकशेऐंशी लागेल," असे उद्गार काढले. ते स्तुतीपर होते असे ते अद्यापि शपथेवर सांगतात, परंतु आमच्या घरातून त्यांना होळीचे निमंत्रण जाणे त्या दिवसापासून बंद झाले आहे.

एकशेतीस पॉइंटांचे मर्म निराळे आहे. त्या कार्डात खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेला असतो आणि त्या चिंधीपायीच त्याला ही पुष्टी येते. पाठीमागे मात्र बारीक अक्षरांत पुष्कळदा असा खुलासा छापलेला असतो, की सदरहू वस्त्राचा कोणत्याही विशिष्ट सामन्याशी वा हंगामाशी संबंध नाही. "मग हा तुकडा कुठला?" मी विचारले. "तो मुद्दा छापणाऱ्याच्या अखत्यारीतला," तात्या म्हणाले, "माझ्याकडे फक्त जाडी." अवघ्या मुलखाचा कारभार याच तत्त्वावर चाललेला असल्यामुळे मला पुढे बोलता येईना.

रविवारी सकाळी चिरंजिवांचा फोन येतो. प्रकृतीची विचारपूस एका वाक्यात उरकते आणि मग बापलेक अर्धा तास जाडीवर बोलतात. ती कार्डे तिकडे परत पाठवण्याचा विषय मात्र दोघांपैकी कुणीही काढत नाही.

दुपारी सोसायटीतली मुले रबरबँडने आवळलेल्या पोकेमॉन कार्डांचे गठ्ठे घेऊन येतात. रबरबँड पाहून तात्यांच्या मुद्रेवर जी वेदना उमटते ती मी त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळीही पाहिली नव्हती. परवा एका पोराने शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्याकडून घेतलेले कार्ड पुढे केले. अस्सल पोकेमॉन कार्ड बारा पॉइंटांच्या आसपास भरते. स्लीव्हची जाडी वजा जाता हे नऊ होते, आणि व्हर्निअरचा आकडा माझ्या बाजूला असल्याने तो मला स्वच्छ दिसत होता. आयुष्यभर ज्याने एका थाऊसाठी ढिगांनी माल नापास केला, ठेकेदारांच्या मिठाईचे पुडे न उघडता परत धाडले, तो इसम त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिला. "बारा," ते म्हणाले, "बरोब्बर बारा," आणि चिरंजिवांच्या साठ्यातला एक कोरा टॉपलोडर काढून त्यांनी ते कार्ड त्यात बसवून दिले.

पोरगा गेल्यावर मी हळूच त्यांची नोंदवही ओढून पाहिली. जाडी बारा, होल्डर पस्तीस, शेरा पास, आणि शेजारी कारखान्यातली तीच झोकदार सही. नोकरीत असताना असला दाखला दिला असता तर दुसऱ्या दिवशी खातेनिहाय चौकशी बसली असती, आणि ती बसवण्याचा अर्ज तात्यांनीच केला असता.