तिसरी कॅसेट

पुण्या-मुंबईच्या फिल्म क्लबांत हल्ली 'कल्ट' या शब्दाला भलताच भाव आलाय. बीनबॅगवर रेलायचं, कांती शहांचा 'गुंडा' लावायचा आणि खलनायकांच्या यमकांवर जाणकारीने खिदळायचं. कुठे हसायचं ते घरून वाचून आलेलं असतं. 1998 चा हा पिक्चर म्हणे आयआयटीच्या होस्टेलांतल्या पोरांनी शोधून काढला. अरे, हरवला कुठे होता भो? मिथुनचे असले पिक्चर ज्यांच्यासाठी निघायचे, ते तो बघून, शिट्ट्या मारून, घरी जाऊन झोपलेसुद्धा होते.

या मंडळींचा इतिहास न्यूयॉर्कपासून सुरू होतो. 1970 च्या डिसेंबरात तिथल्या एल्जिन थिएटरात 'एल टोपो' नावाचा चक्रम पिक्चर मध्यरात्री दाखवायला लागले आणि 'मिडनाइट मूव्ही'ची प्रथा पडली. मध्यरात्र! आमच्या बोदवडकडे गणपतीत मध्यरात्री जेमतेम दुसरा पिक्चर सुरू व्हायचा.

ज्यांनी व्हिडिओचा जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंडळ भाड्याने रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आणायचं. पहिली कॅसेट बायाबापड्यांची. 1991 नंतर ती बहुधा 'माहेरची साडी'च असायची. पदर ओले झाले की आज्या उठून घरी. दुसरी अमिताभची, म्हणजे वर्गणी देणाऱ्यांची. तिसरी मात्र कोणीच मागितलेली नसायची. दोन नेल्या की दुकानदार फळीवर उरलेली तिसरी हातात कोंबायचा. ती लागायची रात्री अडीचला. पडद्यावर मुंग्या यायच्या. मग मंडळातला एक तज्ज्ञ व्हीसीआरचं झाकण उघडून कोऱ्या नोटेने हेड पुसायचा, आणि पोरं 'आलं, आलं' करायची. नावं ठेवणारं माणूस तोवर एकही जागं नसायचं. जगातल्या कुठल्याही चक्रम पिक्चरला याहून चांगला प्रेक्षक मिळालेला नाही.

तिसरी कॅसेट पुष्कळदा रामसे बंधूंची असायची. 1984 चा 'पुराना मंदिर' आठवा. एकीकडे सामरी नावाचा सैतान, त्याचं मुंडकं एकीकडे नि धड दुसरीकडे. तेवढ्यात मधेच जगदीप मच्छर सिंग नावाचा डाकू होऊन येतो आणि 'शोले'ची टर उडवतो. भुताचा या डाकूशी संबंध काय? काहीही नाही. आज यालाच कोणी 'रचनेचा विध्वंस' म्हणेल. रामसेंचा हिशेब सरळ होता. त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या सीनसाठी लोक थिएटरात शिरत होते. हे ध्यानात ठेवून पुढे 'दो गज जमीन के नीचे' काढला, 1972 मध्ये, थोडक्या माणसांत आणि थोडक्या पैशांत. लोकांना काय हवं ते थिएटरच्या दारात उभं राहून शिकलेली माणसं ती. मला विचाराल तर 'पुराना मंदिर' हा वाईट पिक्चर नाहीच. नुसती त्याला लाज नाही.

तिसऱ्या कॅसेटला लागलेलं सगळ्यात गोड फळ मात्र पिकलं मालेगावात. नकाशावर ते नाशिक जिल्ह्यात, पण ते पिक्चर खानदेशाने आपलेच मानले. तिथले नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली यांचे तुकडे जोडून आपल्या गिऱ्हाइकाला रुचेल असं दाखवायचे. मग 2000 च्या सुमारास स्वतःच 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडेनात, तर डाकूंना सायकली दिल्या. गावाला रेल्वे नाही म्हणून अडले नाहीत. आमच्या बोदवडला चांगलं भुसावळ-नागपूर लाइनवरचं स्टेशन आहे, शोले मात्र अजून निघायचाय.

पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. हिरो शेख शफीक, पॉवरलूमवरचा कामगार, अंगाने काडी. सुपरमॅनच्या लाल चड्डीचा नाडा पुढे लोंबतोय आणि त्या अवस्थेत तो गाव वाचवायला निघालाय. हॉलिवूडने कोट्यवधी डॉलर ओतले, पण तो नाडा त्यांना सुचला नाही. हे शूटिंग होताना फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. त्यात नासिरभाईंचा कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा तुमच्या-आमच्या पोटात कालवतं. शफीक कॅन्सरने गेला. माहितीपट इथल्या मल्टिप्लेक्सांत लागायला 2012 उजाडलं. 2024 मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' टोरांटोला दाखवला गेला, आणि मग आपल्याकडच्या जाणकारांना मालेगाव कुठल्या रस्त्यावर लागतं ते कळलं. मनमाडवरून जा, सोपं पडतं.

आता छोटू दादाचंच घ्या. मालेगावचाच तो, 'खानदेश की कॉमेडी' म्हणून यूट्यूबवर कोटी-कोटी वेळा पाहिला जातो. बोदवडच्या एसटी स्टँडवर तासभर बसलात तर शेजारच्या फोनवर तो भेटायचाच. एकाही फिल्म क्लबाने त्याच्यावर चर्चासत्र ठेवल्याचं ऐकिवात नाही. ठेवतील हो, वीसेक वर्षांनी, फ्रेंच सबटायटल्स टाकून. तोवर बोदवडच्या रसिकांकडे एकच मागणं आहे: बघा, पोटभर बघा, पण जामनेरच्या गाडीत तरी इयरफोन लावा.