लेव्हलमामा

डेअरीत इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळणाऱ्या या गृहस्थांना सगळा प्लँट लेव्हलमामा म्हणतो. टाकीत दूध किती, या एका प्रश्नावर त्यांची हयात गेली. या बाबतीत त्यांचा ऑपरेटरवर विश्वास नाही, स्क्रीनवरच्या आकड्यावर नाही आणि सेल्समनवर तर नाहीच नाही.

रडार सेन्सर घ्यायचं ठरलं की एखादा टायवाला पोरगा येतो, लॅपटॉप उघडतो. मामा तो अलगद मिटवतात. "टाकी बघितली का, पाव्हणं?" आणि डोक्याला जाळी, वर हेल्मेट अशा थाटात पाव्हणं शिडीनं सायलोच्या माथ्यावर.

"साहेब, हा 80 गिगाहर्ट्झचा. बीम एकदम बारीक."

"बारीकच हवा. 26 वाल्याचा बीम पसरतो. ऍजिटेटरचं पातं दिसलं तरी त्याला दूध वाटतं. पण दाट फेस आला की तुमचा काय करणार?"

"फेसातून, म्हणजे..."

"म्हणजे लहर फेसातच जिरणार. मग दूध कुठं गेलं म्हणून चेअरमन कुणाला विचारणार? तुम्हाला?"

दुधाबद्दल मामांची तक्रार नाही. दुधात बहुतेक पाणीच, त्यामुळे लहर झकास परत येते. राग तुपावर. "तूप लहर पोटात घालतं आणि पोच म्हणून चिमूटभर परत देतं!" डायलेक्ट्रिक स्थिरांक मामा असा समजावतात.

मग स्वच्छतेची उलटतपासणी. सीआयपीत, म्हणजे टाकी जागेवरच धुताना, सत्तर-ऐंशी अंशांचं कॉस्टिक अंगावर आलं तर अँटेना टिकेल का? स्प्रे बॉलचा फवारा तिच्या आडोशाला अडणार नाही ना? स्टील 316 एलच ना? खरखरीतपणा 0.8 मायक्रॉनच्या आत? कागद दाखवला तरी मामा बोट फिरवून बघतात. त्या बोटाला मायक्रॉन कळतात, अशी प्लँटमध्ये श्रद्धा आहे. पोरगा चुकून स्वस्तातलं आट्यांचं मॉडेल काढतो.

"आटे? जंतूंना चाळच बांधून द्या की! ट्राय-क्लॅम्प काढा."

खालून खरेदीवाले ओरडतात, "मामा, सगळ्यात स्वस्त कुठलं?"

"डिपस्टिक! पण ती बुडवल्यावर दूध तुम्ही प्यायचं."

दुपार कलते. पोरगा घामानं निथळलेला, कोटेशन हातात. तेव्हा मामा निकाल देतात, "सायलोला तुमचं रडार चालेल. पातं आणि दुधाची धार टाळून बसवा. फेसाळ टाकीला मात्र नको. तिथं तळाशी प्रेशर ट्रान्समीटर बसवू. फेसाला वजन नसतं, पाव्हणं!"

हे वाक्य टाकीबद्दल होतं की आपल्याबद्दल, हे पोराला गेटपर्यंत उलगडत नाही.

पण परिणाम होतो. पुढच्या गिऱ्हाइकानं म्हणे तयार ऑर्डर पुढं केली, तर यानं पेन बाजूला ठेवून विचारलं, "फेस किती येतो?" ऑर्डर गेली. एवढ्या धुतल्या-पुसल्या डेअरीतून बाहेर गेलेला हा एकमेव संसर्ग.