दफ्तरी मासे

अमेरिकेत सरकारी केंद्रांतून ट्राउट मासे वाढवून ते नद्यांत अशा बेताने सोडतात की, परवान्याची फी भरून गळ टाकणाऱ्या गृहस्थाला सायंकाळी रिक्तहस्ते घरी परतण्याची नामुष्की पत्करावी लागू नये. आमच्या बीड जिल्ह्यातील चौसाळ्याच्या आसपास तलावांवर गळ टाकून बसणाऱ्यांचे असे लाड कोणी करीत नाही; तथापि मासे सोडण्याच्या कामी आपले सरकार कोणत्याही सरकारला हार जाणारे नाही, याची ग्वाही मत्स्यव्यवसाय खात्याचे दफ्तर देईल.

कटला, रोहू आणि मृगळ हे गंगेकडील कुलीन मासे. वाहत्या पुरावाचून त्यांचा वंश वाढत नाही, आणि बीड जिल्ह्यात पूर ही चीज वारंवार दरखास्त करूनही मंजूर होत नाही. ही अडचण मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी 1957 च्या जुलैत ओडिशातील अंगुल येथे निवारली: एका माशाच्या मस्तकातील ग्रंथीचा अर्क दुसऱ्यास टोचून त्यांनी त्याला बंदिस्त पाण्यात प्रजोत्पादनास प्रवृत्त केले. आता मत्स्यबीज केंद्रांत मादीला टोचणी, गोल हौदात फिरत्या पाण्याचा कृत्रिम पूर, मग जिरे, दोन-तीन आठवड्यांत इंचभर बीज आणि त्यापुढे बोटुकली, असा क्रम चालतो. ज्या शास्त्राने माशाला पूर आल्याचा भास करून दिला, त्याने तलावालाही तो करून दिला असता, तर मराठवाड्यावर केवढे उपकार झाले असते!

त्यानंतरचा विधी म्हणजे बीज सोडण्याचा समारंभ. प्राणवायू भरलेल्या पिशव्या तोंड न सोडता काही वेळ तलावात तरंगत ठेवाव्यात, म्हणजे आतबाहेरच्या पाण्याचे तपमान सारखे होते, असे शास्त्र सांगते. हा अवकाश निसर्गाने प्रमुख पाहुण्यांच्या भाषणासाठीच राखून ठेवला असावा, अशी कार्यकर्त्यांची श्रद्धा असून, भाषण लांबल्यास पिशवीतील प्राणवायू वक्त्याच्या आधी संपतो, ही बाब किरकोळ समजली जाते. इंचभर बीज मोठ्या तलावात सोडणे म्हणजे तेथील शिकारी मरळ माशास जेवण वाढणे होय, म्हणून बोटभर लांबीची बोटुकलीच सोडावी, असे तज्ज्ञ कंठरवाने सांगतात. परंतु बीज स्वस्त पडते आणि आकडा लाखांत भरतो. मरळाच्या उदरात विलीन झालेला मासाही दफ्तरी 'सोडलेला' म्हणून अमर राहतो! चौसाळेकरांनी याचे नवल मानू नये. त्यांच्या गावाच्या नावाचा अख्खा विधानसभा मतदारसंघ पुनर्रचनेत लुप्त झाला आणि 2009 च्या निवडणुकीत तो कोणास दिसला नाही. तेथे माशांची काय कथा?

मरळाच्या तावडीतून जो निसटतो, त्याची गाठ उन्हाळ्याशी पडते. 2016 साली धनेगावचे मांजरा धरण आटले, तेव्हा लातूरच्या माणसांसाठी एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आले. बीड जिल्ह्यातील मत्स्यकुलासाठी मात्र एकही डबा जोडल्याचे ऐकिवात नाही.

बीज जेथे जगले, तेथेही सारे सुखाचे झाले असे नाही. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रातील महसीर गळवाल्यांच्या शौकाखातर कावेरीत सोडला गेला, आणि तो तेथे इतका माजला की, कावेरीचा मूळ कुबडा महसीर आज अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जाऊन बसला आहे.

इकडे आमच्या गळाला लागते ती चिलापी. 1952 साली हिंदुस्थानात आणलेल्या या परदेशी माशाला ना टोचणी लागते, ना पाहुणे, ना पूर; चार हात डबक्यातही ती पिले तोंडात धरून वाढविते आणि कोणत्याही नोंदवहीची पर्वा करीत नाही. येत्या पावसाळ्यात मत्स्यव्यवसाय खात्याने हार आणण्यापूर्वी तलावात मार्चअखेर किती पाणी राहते, याची पाटबंधारे खात्याकडे चौकशी करावी, आणि 'सोडले' या रकान्याशेजारीच 'निघाले' असाही एक रकाना आखून तो वर्षअखेरीस तलावाच्या काठी सर्वांना वाचता येईल असा लावावा, एवढी आमची नम्र अर्जी आहे.